आधी पाण्याला वाट, मग नळी : ठाणे-नवी मुंबईतल्या चिबड (पाणी तुंबणाऱ्या) शेतांसाठी आणि मैदानांसाठी भूमिगत निचरा

जुलैत मैदानावर पाणी तुंबलं की पहिला फोन जातो नळ्या टाकणाऱ्याला. त्याआधी अर्ध्या तासाचं एक काम करून घ्या. सगळ्यात मोठ्या डबक्यात मातीचं गोल आळं करा, आतलं पाणी घमेल्यानं उपसा आणि पहार-फावड्यानं दोन फूट खड्डा खणा. खणताना मातीकडे लक्ष ठेवा आणि खड्डा झाल्यावर पाव तास थांबा.

तीनांपैकी एक गोष्ट दिसेल. वरची दोन-तीन इंच माती चिखल आणि खाली जवळजवळ कोरडा मुरूम, खड्ड्यात पाणी येतच नाही : म्हणजे पाणी वरच्या आवळलेल्या थरावर अडलंय. खड्डा तळातून भरत येतो : म्हणजे भूजलपातळीच वर आली आहे. खड्ड्याच्या एकाच भिंतीतून, ठरावीक उंचीवर पाणी झिरपतंय : म्हणजे पाणी तुमचं नाहीच, बाजूच्या टेकडीतून किंवा शेजारच्या उंच भरावातून येतंय.

तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. पहिला प्रकार शहरातल्या मैदानांवर सर्रास दिसतो. नवरात्रीचा मंडप, लग्नाचं पार्किंग, रोलर, वर्षभराची धावपळ यांनी वरचा थर दगडासारखा होतो. अशा जागी तीन फुटांवर नळी टाकली तर ती कोरडी राहते आणि डबकं जिथल्या तिथं. त्यावरचा उपाय पुढं ‘वरचा थर’मध्ये आहे. दुसऱ्या प्रकाराला नळ्यांचं जाळं लागतं, तेही पुढं येईल. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे येऊरच्या पायथ्याशी, पारसिकच्या उतारावर किंवा खारघरच्या टेकडीखाली, वरच्या कडेनं एकच आडवी चर झरा देणाऱ्या थराच्या खाली अर्ध्या फुटापर्यंत नेली की बरेचदा सगळं काम होतं. त्यासाठी अख्ख्या मैदानात जाळं पसरायची गरज नसते. आणि हो, आजूबाजूच्या इमारतींच्या गच्चीचे पाइप कुठं सोडलेत ते एकदा फिरून बघा. दोन गच्च्यांचं पाणी मैदानात उतरत असेल तर आधी ते तोडा.

तोंड कुठं?

निचऱ्याचा आराखडा शेवटच्या टोकापासून मागं काढायचा असतो. नळीचं पाणी जिथं बाहेर पडणार ती जागा, म्हणजे तोंड, नळीच्या तळापेक्षा खाली आणि पावसातही मोकळी हवी. इतकं साधं असूनही बहुतेक कामं इथंच फसतात, कारण मोजमाप मे महिन्यात होतं आणि त्या वेळी गटार रिकामं असतं.

पालिकेच्या पावसाळी गटाराचं झाकण उघडून दोन मापं घ्या : तळाची पातळी आणि भिंतीवरची पाण्याची जुनी रेघ. खरी पातळी त्या रेघेची. मेन नळीचं, म्हणजे सगळ्या नळ्यांचं पाणी बाहेर नेणाऱ्या मोठ्या नळीचं, तोंड रेघेच्या किमान १५ सेमी वर राहिलं पाहिजे. ते जमत नसेल तर झडप किंवा पंप आराखड्यातच धरा, नंतर आठवू नका. गटाराला जोडायची परवानगी महापालिकेकडून घ्यावी लागते. मलवाहिनीला कधीच जोडू नका. पावसात ती उलटी फिरली तर घाण मैदानावर येते.

नवी मुंबईत यात भरती-ओहोटीची भर पडते. वाशी, नेरूळ, बेलापूरचा बराच भाग खाजणात भराव टाकून उभा राहिलेला आहे आणि भरतीच्या वेळी खाडीची पातळी गटारांच्या बरोबरीला किंवा वर येते. म्हणूनच सिडकोनं धारण तलाव बांधले : भरतीत शहराचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला झडपा उघडून खाडीत जातं. कोकणातल्या शेतकऱ्याला यात नवीन काही नाही. खारबंधाऱ्यातली उघाडी हेच करते. पाणी बाहेरून दाबू लागलं की फळी मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्यानं उघडते.

भरतीचं चक्र सुमारे १२ तास २५ मिनिटांचं असतं आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढं सरकते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, तोंड प्रत्येक चक्रात कित्येक तास बंद राहू शकतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तेच तोंड क्वचितच बुडेल. पावसाळ्याआधी जाहीर होणाऱ्या भरतीच्या वेळापत्रकातले ४.५ मीटरच्या वरचे दिवस वहीत लिहून ठेवा. त्या दिवशी मोठा पाऊस आला तर नुसती नळी कामाची नाही, पंप लागेल.

कायद्याची बाब थोडक्यात. कांदळवनातून चर काढता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांनी कांदळवन तोडायला बंदी आहे आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. चिबड जमीन वेगळी आणि पाणथळ वेगळी. जिथं रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात ती जागा ‘वाया गेलेली’ नसते. ठाणे खाडीचं अभयारण्य २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आहे. त्या बाजूला नळी वळवायचा विचारही नको.

किती पाणी, केवढी नळी

ठाणे परिसरात वर्षाला साधारण २५०० मिमी पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तरी वर्षाच्या आकड्यावर नळी ठरत नाही. ती तासाच्या पावसावर ठरते.

हिशोब सोपा आहे : १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. शाळेचं ६० × ४० मीटरचं मैदान घेऊ. क्षेत्र २४०० चौ. मी. तासाला १० मिमी पाणी जमिनीतून काढायचं म्हटलं तर तासाला २४,००० लिटर, म्हणजे सेकंदाला ६.७ लिटर. ०.५ टक्के उतारावर नालीदार (वळ्यावळ्यांच्या) नळ्या पूर्ण भरून साधारण एवढं वाहून नेतात : ८० मिमीची सेकंदाला १.६ लिटर, १०० मिमीची ३ लिटर, १६० मिमीची १० लिटर, २०० मिमीची १८-१९ लिटर. त्यामुळं या मैदानाला १६० मिमीची मेन पुरते. फुटबॉलचं १०० × ६५ मीटरचं मैदान असेल तर तेच पाणी १८ लिटर होतं आणि २०० मिमीच्या खाली उतरता येत नाही.

तासाला १०० मिमीची सर आली तर? छोट्या मैदानावरही सेकंदाला ६७ लिटर. ते नळीनं न्यायचा हट्ट धरू नका. ते पृष्ठभागाच्या उतारानं कडेच्या उघड्या गटारात जायला हवं. मैदानाला १ टक्का उतार द्या, ४० मीटरला ४० सेमी. खेळाडूला तो जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. नळी असते पाऊस थांबल्यानंतरच्या वेळेसाठी. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाची अंतिम लढत पावसानं दोन तास उशिरा सुरू झाली, तरी एकही षटक कापावं लागलं नाही. त्याच मैदानावर ११ नोव्हेंबर २००९ चा भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना मात्र एकही चेंडू न पडता रद्द झाला होता, कारण फयान वादळाचा पाऊस थांबलाच नव्हता. पडत्या पावसापुढं कोणतीही नळी हतबल आहे.

मैदानाचं जाळं

वरच्याच शाळेच्या मैदानाचं उदाहरण पुढं चालवू. पृष्ठभागाचा उतार ४० मीटरच्या दिशेनं. लॅटरल, म्हणजे जमिनीतलं पाणी गोळा करून मेनला देणाऱ्या बारीक नळ्या, त्याच दिशेला, ५ मीटर अंतरानं, ८० मिमी छिद्रांची नालीदार पीव्हीसी नळी. अशा १२ ओळी, एकूण ४८० मीटर. खालच्या ६० मीटरच्या कडेला १६० मिमीची मेन. चर ५० सेमी खोल, त्यात ५ सेमी खडीचं अंथरूण, वर नळी. पृष्ठभागालाच १ टक्का उतार असल्यानं लॅटरल सगळीकडे सारख्याच खोलीवर राहते, ही मोठी सोय. मेन लॅटरलच्या खाली हवी : वरच्या टोकाला तिचा तळ ६० सेमीवर, तोंडाशी ९० सेमीवर. म्हणजे गटारातली पाण्याची रेघ मैदानाच्या खालच्या कडेपासून १०५ सेमी खाली असेल तरच हे पाणी आपणहून जाईल. नसेल तर लॅटरल उथळ करा किंवा चेंबरमध्ये पंप बसवा. ६.७ लिटर पाणी ३ मीटर चढवायला प्रत्यक्षात १ एचपीचा चिखल-पाण्याचा सबमर्सिबल पंप लागतो. पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच हवाच, आणि जनरेटरची सोय नसेल तर पंपावर भिस्त ठेवू नका. मोठ्या पावसातच वीज जाते.

चर २० सेमी रुंद धरली तर साहित्य असं : लॅटरलला साधारण ११ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) खडी, मेनला (३५ सेमी रुंद चर) सव्वाचार ब्रास, नासधूस धरून १६-१७ ब्रास मागवा. वरच्या १५ सेमी थरासाठी सुमारे ७ ब्रास वाळू. बाहेर निघणारी माती घट्ट मापानं २३ ब्रास, सुटी झाल्यावर ३० च्या आसपास. ती टाकायची जागा आधी ठरवा, नाहीतर ती मैदानाच्याच कडेला ढीग होऊन पावसात परत आत येते. जेसीबीची अरुंद बकेटसुद्धा साधारण एक फुटाची असते. तिनं खणलं तर लॅटरलची खडी दीडपट लागते. चेन ट्रेंचर (साखळीनं अरुंद चर खणणारं यंत्र) भाड्यानं मिळालं तर या एका कारणासाठी तो स्वस्त पडतो.

खडी १० ते १२ मिमीची, आणि धुतलेली. क्रशरवरून आलेल्या खडीत भुकटी असते आणि ती पहिल्याच पावसात नळीच्या छिद्रांपाशी सिमेंटसारखी बसते. ट्रक रिकामा करण्याआधी बादलीत अर्धी खडी, वर पाणी, काठीनं ढवळा आणि गढूळ पाणी काचेच्या बरणीत ओता. तासाभरानं बरणीच्या तळाशी बोटभर गाळ बसला तर ट्रक परत पाठवा. खाडीची रेती नको, तिच्यातल्या मिठानं हिरवळ करपते. क्रश सँड चालते, पण ०.२५ ते १ मिमीचे कण जास्त असलेली, बारीक पूड चाळून काढलेली.

जिओटेक्स्टाइलबद्दल, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या आणि माती अडवणाऱ्या कापडाबद्दल, मतं पुष्कळ आहेत. आमचं असं : स्वच्छ खडीत बसवलेल्या नळीला कापड गुंडाळू नका. गढूळ पाण्यातला गाळ कापडावर साय धरतो आणि नळी आतून स्वच्छ, बाहेरून बंद होते. चरीच्या भिंती बारीक वाळूच्या किंवा पोयट्याच्या असतील, बोटानं दाबल्यावर ढासळत असतील, तर कापड चरीच्या भिंतीला लावा. तिथं त्याचं क्षेत्रफळ कितीतरी जास्त असतं आणि ते लवकर बुजत नाही.

चर आणि उतार

काम डिसेंबर ते मे. ओल्या चिकणमातीत बकेट फिरली की चरीची भिंत कुंभाराच्या मडक्यासारखी गुळगुळीत होते आणि पाणी आत येणं बंद. तशी झालीच असेल तर खडी टाकण्याआधी दाताळ्यानं भिंती खरवडा.

खणायला सुरुवात तोंडाकडून. मेन आधी, लॅटरल नंतर, आणि प्रत्येक चर खालून वर. मध्येच अवकाळी पाऊस आला तर झालेल्या कामातून पाणी वाहून जातं, चरीत तळं होत नाही.

उतार डोळ्यानं ठरवू नका. डंपी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) असेल तर उत्तम, नसेल तर लेव्हल ट्यूब पुरते. २० मीटरची पारदर्शक नळी घ्या, पाणी हळूहळू भरा आणि आतला प्रत्येक बुडबुडा टिचकी मारून बाहेर काढा. एक बुडबुडा राहिला तरी दोन टोकांची पातळी बोटभर चुकते आणि ०.५ टक्के उतारात बोटभर चूक म्हणजे चार मीटरची कमाई गेली. चरीच्या कडेला दर ५ मीटरवर खुंट्या ठोका. लॅटरलसाठी प्रत्येक पुढची खुंटी ५ सेमी खाली, मेनसाठी अडीच सेमी. खुंट्यांवर दोरी ताणा. आता दोरीपासून चरीच्या तळापर्यंतचं अंतर सगळीकडे सारखं हवं. तेवढ्या लांबीची एक काठी कापा आणि दर मीटरला उभी धरून बघा. काठी दोरीला टेकली की पुढं. काठी खाली राहिली तर चर जास्त खोल गेली आहे. तिथं माती परत टाकून पायानं दाबू नका, ती पावसात बसते आणि नळीला पोट येतं. खोल गेलेली जागा खडीनंच भरा.

नवी मुंबईच्या भरावावर एक गोष्ट जास्तीची. मुरमाखाली खाडीचा काळा गाळ आहे आणि तो अजून बसतोय, सगळीकडे सारखा नाही. शेतात ०.२ टक्के उतार चालतो म्हणून इथं तो देऊ नका. लॅटरलला ०.७ ते १ टक्का ठेवा, म्हणजे दोन-चार सेमी जमीन बसली तरी पाणी उलटं फिरत नाही.

नळी अंथरताना ती ताणू नका. नालीदार नळी उन्हात मऊ पडते, ओढली की छिद्रं रुंदावतात. सकाळी लवकर बसवा. वरचं टोक बंद टोपीनं बंद करा. नळीच्या दोन्ही बाजूंना खडी हातानं टाका, नळी हलू नये म्हणून. त्यानंतर घमेल्यानं पृष्ठभागाच्या १५ सेमी खालपर्यंत. त्यावर ५ सेमी जाड वाळू आणि वरचे १० सेमी चार भाग वाळू, एक भाग माती. इथं एक चूक नेहमी होते : ‘गवत चांगलं यावं’ म्हणून चरीवर परत तीच चिकणमाती भरली जाते. मग खाली उत्तम खडी, वर झाकण. पाणी चरीपर्यंत पोचतं आणि तिथंच थांबतं.

चरीवरून ट्रक न्यायचा नाही. सगळी वाहतूक एकाच कडेनं, फळ्या टाकून. खालच्या कडेला लॅटरल-मेन जोडणीत दर चौथ्या ओळीला ४५ × ४५ सेमीचं चेंबर ठेवा, तळ मेनच्या तळापेक्षा ३० सेमी खाली. गाळ त्यात बसेल आणि पाच वर्षांनी उपसता येईल. वरच्या टोकाला मेनची नळी वळवून जमिनीलगत आणा आणि झाकण लावा. पुढं कधी पाण्याचा फवारा आत सोडायला हेच तोंड लागतं.

वरचा थर

५ मीटरच्या मधली माती आवळलेली असेल तर पाणी लॅटरलपर्यंत पोचायला दिवस लागतात. म्हणून लॅटरलच्या आडव्या दिशेनं बारीक चिरा : ५ सेमी रुंद, २५ सेमी खोल, दर १ मीटरला. लॅटरलवरची खडी १५ सेमीवर सुरू होते, चीर २५ सेमी जाते, म्हणजे दोन्ही १० सेमी एकमेकांत शिरतात. हे शिरणं झालं नाही तर चीर म्हणजे नुसती वाळू भरलेली फट. आपल्या मैदानात २४०० मीटर चिरा होतात आणि त्यांना साडेदहा ब्रास वाळू लागते. खर्च मोठा आहे, पण पैसे मोजकेच असतील तर लॅटरल ७ मीटर अंतरानं टाकून चिरा करा. ५ मीटरनं लॅटरल आणि चिरा नाहीत, यापेक्षा ते बरं चालतं.

क्रिकेटच्या मैदानात मधल्या खेळपट्ट्यांच्या चौकोनाखाली नळी नेऊ नका. तिथली चिकणमाती पाणी धरायलाच घातलेली असते. चौकोनाच्या बाहेर दीड-दोन मीटरवरून भोवती एक नळी फिरवा आणि खेळपट्टीसाठी ताडपत्री ठेवा. ताडपत्रीवरचं पाणी ओढून ओतायची जागाही त्या भोवतालच्या चरीवरच ठरवा.

शेतात

मुरबाड, शहापूर, भिवंडीकडच्या भातखाचरांत प्रश्न उलटा असतो. खरिपात पाणी हवंच आहे. अडचण ऑक्टोबरनंतर येते : भात निघालं, पण जमिनीला वाफसा (पेरणीजोगी ओल) येत नाही, आणि वाल, हरभरा किंवा भेंडीचा पेरा पंधरा-वीस दिवस मागं पडतो. म्हणून इथं हवा आपल्या हातात बंद-चालू होणारा निचरा. मेनच्या तोंडाला फिरता एल्बो आणि त्यावर उभा नळीचा तुकडा लावा. जुलैत तुकडा उभा, पाणी खाचरात. कापणीच्या दहा दिवस आधी तुकडा आडवा पाडा, पाणी मोकळं. एल्बो सिमेंटनं पक्का करू नका. रबरी रिंगेवर फिरता राहू द्या.

अंतर किती ठेवायचं हे माती सांगते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पाणीपातळी वर असताना, १० सेमी व्यासाचं भोक पाडा, पाण्याच्या पातळीखाली ६० सेमी जाईल एवढं. तासभर पाणी स्थिर होऊ द्या. मग पातळी ३० सेमीनं उतरेल एवढं पाणी उपसा आणि घड्याळ लावा. ५ मिनिटांत पाणी जेमतेम १ सेमी चढलं तर मातीची वाहकता, म्हणजे तिच्यातून पाणी सरकण्याचा वेग, दिवसाला ०.०५ मीटरच्या आसपास. साडेसहा सेमी चढलं तर ०.३. मिनिटाला ४ सेमी चढलं तर साधारण १ मीटर. नळी १ मीटर खोल, तिच्याखाली आणखी मीटरभरावर कडक थर, पाणीपातळी अर्ध्या मीटरखाली राखायची आणि दिवसाला १० मिमी पाणी काढायचं असं धरलं तर हूगहाउटच्या सूत्रानं लॅटरलमधलं अंतर अनुक्रमे ४, ११ आणि २० मीटर येतं. तीन-चार ठिकाणी भोकं पाडून सरासरी घ्या. एकाच भोकावर भरवसा नको, खेकड्याचं बीळ लागलं तर आकडा फसवा येतो.

४ मीटर उत्तर आलं तर भातशेतीत नळीचा खर्च निघणार नाही. त्याऐवजी उघडी चर आणि गादीवाफे करा. चिखलणीनं १५-२० सेमीवर तयार झालेला कडक थर रब्बीआधी सबसॉयलरनं (खोल जाणाऱ्या नांगरानं) फोडणं हा आणखी स्वस्त उपाय, पण पुढच्या खरिपात भाताला पाणी जास्त लागेल हे धरून. सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात सच्छिद्र नळ्यांचा निचरा परवडतो, कारण तिथं पीक बारमाही आहे आणि प्रश्न क्षारांचा आहे. तिथलं अंतर आणि खोली जशीच्या तशी इथं उचलू नका.

खाडीलगतच्या खार जमिनीत आणखी दोन गोष्टी. मीठ धुऊन काढताना जिप्सम दिलं नाही तर मातीतला सोडियम राहतो, कण सुटे होतात आणि जमीन आधीपेक्षा जास्त घट्ट होते. प्रमाण माती तपासूनच ठरवा. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आहे, तिथून सल्ला मिळतो. दुसरं, जुन्या कांदळवनाच्या काळ्या गाळात गंधकाची संयुगं असतात. खोल नळीनं तो गाळ कोरडा पडून हवा लागली की आम्ल तयार होतं, रोपं पिवळी पडतात. पहारीला सडक्या अंड्याचा वास असलेला निळसर-काळा गाळ लागला तर नळी त्याच्या वरच ठेवा.

पुढच्या पावसात

पहिल्या मोठ्या पावसात तोंडाशी उभं राहून बघा. पाऊस सुरू झाल्यावर तासाभरात धार लागली पाहिजे आणि पाऊस थांबल्यावर मैदानात चार-सहा तास, शेतात दोन-तीन दिवस ती हळूहळू बारीक व्हायला हवी. धार अचानक तुटली तर कुठंतरी नळी दबली आहे. सुरुवातीचे काही तास पाणी गढूळ येणं ठीक. तिसऱ्या पावसातही गढूळच येत असेल तर माती आत शिरते आहे. चेंबर उघडून कोणत्या ओळीतून येते ते शोधा.

तोंडाला जाळी हवी, नाहीतर खेकडे आणि उंदीर आत घर करतात. जाळी १० मिमीची, काढता येणारी. बारीक जाळी लावली तर पाल्यानं तीच बंद होते. वड, पिंपळ, रेन ट्री किंवा बांबूच्या जवळून नळी जात असेल तर तेवढ्या भागात बिनछिद्राची नळी वापरा. मुळं छिद्राचा ओलावा बरोबर शोधतात.

तोंडाशी नारिंगी-तांबडा बुळबुळीत थर दिसला आणि पाण्यावर तेलासारखा तवंग आला तर तवंगाला काडीनं छेडा. तेल असेल तर तो परत जुळतो. काचेसारखे तुकडे झाले तर तो लोहाच्या जिवाणूंचा. लाल मुरमाच्या भरावात हे दिसतं आणि दोन-तीन वर्षांत ८० मिमीची नळी निम्मी भरू शकते. वर्षातून दोनदा, जूनच्या आधी आणि ऑक्टोबरमध्ये, वरच्या टोकाच्या झाकणातून पाण्याचा फवारा सोडून नळी धुवा. दाब बेताचा ठेवा, नाहीतर खडीतली वाळू हलते. काम संपल्यावर प्रत्येक जोडणीचं अंतर कुंपणाच्या ठरावीक खांबापासून मोजून कागदावर काढा आणि त्याची एक प्रत शाळेच्या कपाटात, एक माळ्याकडे ठेवा, कारण पुढच्या नवरात्रीत मंडपवाला नेमका लॅटरलवरच खांब गाडतो.